हाडावरचे प्रश्न

मानवतला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, जातीचा दाखला, आधारच्या दोन्ही बाजू,
एवढंच छापत आलोय अकरा वर्षं.
चीन पहिल्यांदाच आला,
आम्रपाली हिवराळेच्या फोनमधून.
इयत्ता आठवी, तुकडी ब,
प्राचीन चीनमधील समाजजीवन,
पानं दहा, चित्रांसह, सोमवारपर्यंत.

फोन भावाचा. काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा.
तड्याच्या अल्याड राजा, पल्याड रेशमाचे किडे.
"रंगीत कसं, काका?"
"दहा रुपये पान."
"मग राजा तेवढा रंगीत काढा."

सहाव्या पानावर शिडी निघाली.
वर पंडित, त्याच्याखाली शेतकरी,
मग कारागीर, आणि तळाला व्यापारी.
उताऱ्यासाठी ताटकळलेले झंवरशेठ खो खो हसले,
"घ्या, आम्ही सगळ्यात खाली!"
ती हसली नाही.
पान उलटं करून बघितलं. मागं कोरं होतं.
"काका, मेलेलं जनावर कोण ओढायचं तिथं?"
मशीन तापलं होतं.
मी पंखा तिकडं वळवला.

सातव्यावर हाड.
बैलाच्या खांद्याचं, रुंद, फावड्याच्या पात्यासारखं,
त्यावर मुंगीएवढी अक्षरं कोरलेली.
तिनं सगळं असं सांगितलं
की जणू परवा तिच्या गल्लीत घडलं:
राजा विचारायचा, हाडाला आच द्यायचे,
हाड तडकायचं, तडा म्हणजे उत्तर.
पाऊस येईल का?
राणीचं बाळंतपण नीट होईल का?
राजाची दाढ ठणकतेय, कुठला पूर्वज रुसलाय?
"एका दाढेपायी बैल!"
म्हणाली, आणि तेव्हा मात्र हसली.

शनिवारी आली ती तोंड पाडून.
तिला खरं हाड लावायचं होतं प्रकल्पाला.
आजोबांना विचारलं.
केरबा हिवराळे, नगरपालिकेतून रिटायर मुकादम,
इस्त्रीचा शर्ट, रोज माझ्याच बाकावर पेपर वाचतात.
ऐकून गप्प झाले. जेवले नाहीत.
रात्री अंधारात म्हणाले,
"माझ्या बापानं दोर टाकला तो टाकला.
गावानं पाणी तोडलं, तरी पुन्हा उचलला नाही.
आणि तू हाड आणणार घरात? मार्कांसाठी?"

हे सांगताना ती माझा स्टेपलर
नुसताच हवेत दाबत होती.
त्या घराचे किती दाखले काढलेत मी,
जातीचा रकाना दर वेळी ठळक, काळाकुट्ट,
टोनर कधी कमी पडला नाही.
दोर कुठल्याच कागदावर नव्हता.

रविवारी सुट्टी असते. तरी शटर वर केलं,
कारण दोघंही पायरीवर उभे.
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा,
चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला,
खांद्याच्या हाडाच्या आकारात कापलेला.
"आकार आजोबांनी काढला, एका दमात."
हाताला कसा ठाऊक, मी विचारलं नाही.
राजाचे प्रश्न तिनं चिनीत उतरवले होते,
घरं, खिडक्या, माणसं काढावी तसे,
चुका असतील, इथं कोण तपासणार.
खाली बोटभर जागा रिकामी.
"तिथं आमचा एक," ती म्हणाली.

केरबांनी खिशातलं पेन काढलं.
टोपण दातात धरून बसून राहिले,
समोरून दोन एसट्या गेल्या तोवर.
मग हात आडवा धरून, परीक्षेत धरतात तसा,
एक ओळ लिहिली.

"याची एक प्रत काढा. घरी ठेवायला."
पुठ्ठा काचेवर पालथा घातला, मावेना.
झाकण अर्धं उघडं ठेवून बटण दाबलं.
हाडाखालून उजेड सरकत गेला,
तिच्या हनुवटीवर, त्यांच्या चष्म्यावर,
भिंतीवरच्या दरपत्रकावर.

प्रत निघाली ती कडेला कापलेली.
शेवटचं "का?" तेवढं नीट उमटलं होतं.
मी म्हणालो, राहू द्या पैसे.
केरबांनी दोन रुपये मोजून
काउंटरवर ठेवले.