नवव्या कमिटपासून

नंदुरबारात मिरची पथारीवर पडली
की आमच्या ऑफिसात कीबोर्डसुद्धा शिंकतो.
नाकाला रुमाल बांधून मी चारशे बारा कमिट
मागे चालत गेले,
कारण नव्या पोराच्या लॅपटॉपवर रिपो क्लोनच होईना.
पाथ चुकीचा, एवढंच म्हणे, आणि दार बंद.

जुनं गिट भोळं होतं, डोळेझाक करायचं.
नवं उंबऱ्यातच विचारतं, राहता कुठे?

सापडलं. नववं कमिट.
भुईकाट्याचं सबमोड्यूल, आणि त्याच्या पत्त्यात
दोन टिंबं, एक तिरपी रेघ :
रिपोच्या कुंपणाबाहेरचं घर,
योगराज ईशीच्या स्वतःच्या फोल्डरातलं.
वेळ पहाटेची दोन सतरा. संदेश : 'झालं एकदाचं.'

योगराज आता शिरपूरला ठिबकच्या नळ्या विकतो.
फोनवर हसला,
"चाली ऱ्हायनं ना? मंग कसाले हात लावस?"

लावला.
आधी अख्खी नक्कल पेनड्राइव्हवर,
मग स्क्रिप्ट, मग नुसतं बघत बसणं.
नवव्यात एक ओळ सरळ केली
आणि दहावं, अकरावं, पार काल दुपारचं
माझं स्वल्पविराम खोडणारं कमिटही
नव्या हॅशने उठून उभं राहिलं.
पहिली आठ तेवढी जागची हलली नाहीत.

लिहिणारे तेच. तारखा त्याच.
योगराजची ती पहाटही तशीच, 'झालं एकदाचं',
फक्त आता तो कधी चुकलाच नव्हता.
त्याला हे सांगावं का, कळेना.

संध्याकाळी फोर्स पुश.
तिघांना बजावलं, जुनं फोल्डर उडवा,
नव्यात जुनं कालवू नका.

आणि मग आठवली पावती.
प्रत्येक पावतीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
आपण हॅशची सात अक्षरं छापतो.
शहाद्याकडे, तळोद्याकडे, पत्र्याच्या डब्यांत,
भिंतीवरच्या तारेत टोचलेल्या
सहा वर्षांच्या पावत्या :
गोण्या इतक्या, ओल वजा इतकी,
खाली एक नाव
जे आता आमच्याकडे कुणाचंच नाही.

जुनं नाव, नवं नाव, यादी छापली. अकरा पानं.
काट्याशेजारी खिळ्याला अडकवत होते
तर रूमसिंग पाडवी गाडीवरून उतरून आला,
बराच वेळ बघत राहिला.
"काय बदललं?"
सांगितलं, जमेल तसं.
त्याने खिशातून घडी पडलेली पावती काढली.
"वजन तर तेच ना?"
तेच, म्हटलं,
आणि शिंकले.