मांत्रिकाच्या नियमांत दुरुस्ती

इराण्णानं झेरॉक्स आणल्या, अकरा पानं,
पिन उलटी मारलेली, बोटाला लागणारी.
वडगावात, मागांच्या वरची खोली.
रविवार, म्हणून खालचे चारही माग गप्प,
आणि सुताच्या धुळीत खेळून खेळून
फाशांवरचे आकडे अर्धे पुसलेले.

"मांत्रिक बदलला," तो म्हणाला,
बसचा स्टॉप बदलला म्हणावं तसं.

सहा वर्षं मी एकच मांत्रिक खेळतोय.
नाव घुंगुर्डा, वय एकशे चाळीस, दाढीत मधमाश्या.
त्याच्या कागदावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे,
ते तळं आहे असं आम्ही दुसऱ्याच वर्षी ठरवलं,
एकदा तो त्यात बुडतासुद्धा बुडता राहिला.

आता त्याला रोज नऊ मंत्र नाहीत. पाच.
आगीचा गोळा सहा फाशांचा होता, चारचा झाला.
अदृश्य व्हायचं तर श्वास रोखून,
आणि श्वास किती वेळ रोखला
हे इराण्णा घड्याळात बघणार.
पद्मश्री हुंदरे लोहार खेळते, तिला एक जादा वार मिळाला.
ती गालात हसली. हसू दे.

मग पान सात, कलम तीन.
मांत्रिकानं सुरुवातीलाच मंत्रांची एक भाषा निवडावी.
निवडलेली बदलता येणार नाही.
मंत्र टेबलावर मोठ्यानं म्हणावा.
दुसऱ्या भाषेतला शब्द आल्यास मंत्र वाया.

"हे लिहिणारा," ब्लेझ म्हणाला,
"दुसऱ्या गेटाच्या अलीकडं कधी आला नसंल बे."

फासे आम्ही मराठीत मोजतो.
वीस पडले की सगळेच ओरडतो, "बंतु!"
एक पडला तर ब्लेझच्या आजीची कोंकणी शिवी,
जिचा अर्थ त्यालाही माहीत नाही.
आणि "येतो, खरं उशिरा येतो" असं फोनवर म्हटलं
की पुण्याच्या आत्याला वाटतं मी शपथ घेतोय.
मी फक्त "पण" म्हणत असतो.

घुंगुर्ड्याच्या कागदावर नवी चौकट आखली,
भाषा, आणि पुढं रेघ.
रेघेवर काही लिहिलं नाही. खेळ सुरू झाला.

पूल. पुलावर सात कांड्या, म्हणजे सात राक्षस,
निळ्या सुताची तेवढी त्यांची राणी.
लोहार पडला. चोर पाण्यात.
सगळे माझ्याकडं बघूलाले.
मी उभा राहिलो, कारण मोठ्यानं म्हणायचं होतं,
आणि छतावरच्या पत्र्याला डोकं लागलं.

"जळ," म्हणालो, "जळ गं राणी,
खरं पूल ठेव, पूल ठेव, बेंकी, बेंकी…"

इराण्णाची पेन्सिल हवेत थांबली.
तो कन्नड शाळेतला, नियमांचा पक्का,
स्वतःच्या भावाचंही पात्र त्यानं हिशेबात मारलंय.
"बेंकी जाऊ दे," तो म्हणाला.
"खरं कुठल्या भाषेतलं?"

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची चेन चढवत होतं,
ते ऐकू आलं.

"फासा टाक."

फासा टाकला. तो टेबलावरून घरंगळला,
फळीच्या फटीतून खालच्या मागात गेला.
मोबाईलचा उजेड, आम्ही चौघं पोटावर,
ताण्याखाली, कापसाच्या पिंजरात.
कुणीही हात लावायचा नाही, वाचायचं फक्त.
तीन.

तीनमध्ये काहीच जळत नाही, कुठल्याच भाषेत.

वर येऊन पद्मश्रीनं लोहारावर आडवी रेघ मारली,
कागद पालथा केला,
म्हणाली, "मी मांत्रिक घेऊ?"

पाच मंत्र, सांगितलं.
गोळा चारचा.
"ठाऊकाय की. वाचलंय."
इराण्णानं पेन्सिल सरकवली.
चौकटीपाशी ती थांबली, पेन्सिलीचं बूड चावलं,
मग परीक्षेत झाकतात तसा डावा हात आडवा धरून
काहीतरी लिहिलं.
एकच शब्द असेल तर बराच लांब होता.