शुक्रवारचा निरोप

मुलं घरी गेली, की मी शेगडीत उरलेला कोळसा सरकवते
आणि फोन तोंडाजवळ धरते.
ऐका, दुसरीच्या पालकांनो,
मी बुरुल. या आठवड्याचं सांगते.

वजाबाकी सुरू झाली.
बावन्नातून सतरा.
दोनातून सात जात नाहीत, तेव्हा शेजारच्या घरातून
दहा उसने आणायचे. मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी शिकवलं.
पिशवीभर हाडं एल्दियारच्या आजोबांनी दिली, त्यांचे आभार.
एल्दियारनं विचारलं, उसने घेतलेले परत कधी करायचे?
म्हटलं, गणितात नाही करत.
मग शेजारी गप्प कसा बसतो, म्हणाला.
कुणाला उत्तर सुचलं तर कळवा.

घेवड्याचे दाणे ओल्या कापसात ठेवलेत.
नऊ रुजले.
सेझिमचा नाही रुजला,
कारण ती दर तासाला उचलून बघते
मोड आला का, मोड आला का.
गुलझान, तिला रागावू नकोस.
तू रात्री चारदा विचारतेस ना,
जेवली का, झोपली का,
तसंच ते.

बुधवारी बर्फ फार, कवायत वर्गातच झाली.
अझीरेतचे बूट आखूड झालेत. एकतीस लागतील;
बत्तीस घेतलेत तर पुढचा हिवाळाही निघेल.

इथं मी बोट उचलते.
थांबते.

काल घड्याळ शिकवलं. पुठ्ठ्याची तबकडी, काडीचे काटे.
शाळा सुटते तेव्हा किती वाजतात, लावा बघू.
सगळ्यांनी एक लावला.
नुरायीमनं दहा.
मी तांबड्या पेन्सिलीनं फुली मारली, पुढच्या बाकाकडे वळले,
तेव्हा पाठीमागून हळूच आलं,
पण आईकडे दहाच वाजतात, बाई.

मॉस्को आमच्या तीन तास मागे.
हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

खोडरबरानं घासली फुली.
तांबडं जात नाही पुरतं, पुठ्ठ्यावर गुलाबी राहतं,
थंडीत चोळलेल्या गालासारखं.

हे सांगायचं का?
दोनदा बोलले, दोनदा पुसलं.
एकदा आवाजच बरा आला नाही,
एकदा फार बरा आला.
ज्यांना ऐकायचं ते गोदामात खोकी चिकटवत असतील,
कुणाच्या जिन्यावर फडका असेल त्यांच्या हातात,
एक कान झाकून, मुकादमाकडे पाठ करून.
त्यांच्या कानात मी किती ओतायचं?

शेवटी एवढंच म्हणते,
नुरायीमला घड्याळ येतं. पैकीच्या पैकी.

सोमवारी लांबी.
मुलांनी घरून दोरा आणावा, डोक्यापासून टाचेपर्यंत, गाठ मारून.
मोजून झाल्यावर दोरे मी टाकणार नाही.
बिश्केकची बस गुरुवारी सुटते, ड्रायव्हर ओळखीचा आहे.
ज्यांना हवा त्यांनी पत्ता कळवा.
झालं. काळजी घ्या. बुरुल.

मग उत्तरं येतात.
अंगठा. अंगठा. फूल. अंगठा.
कोर्टाच्या कागदावर उठवावा तसा अंगठा,
वाचता येत नाही म्हणून नव्हे,
हातमोजा काढायला सवड नाही म्हणून.

घरी येऊन चहा टाकते. गाय हंबरते. वह्या तपासते.
मध्यरात्रीनंतर एल्दियारचा बाप, तालांत,
ज्यानं दोन वर्षांत अंगठ्याशिवाय काही धाडलं नाही:
शेजाऱ्याला सांगा, मेपर्यंत थांब.

मी एकटीच हसते, बशीत चहा सांडतो.

पहाटे पुन्हा फोन उजळतो.
नुरायीमची आई. ना नमस्कार, ना विचारपूस.
फक्त रस्त्याचं नाव, इमारत सात,
तिसरा मजला, डावीकडची खोली,
खाट अकरा,
वरची.