दिवेलागणीआधी

पाच चाळीसला तवनाप्पा डबा उघडतो.
शिये फाट्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेतलं घड्याळ
त्याच्या डब्यावर लावून घ्यावं.
भाकरी, मटकी, बिनलसणाची चटणी.
सूर्य बुडायच्या आत डबा धुऊन पालथा.
"दिव्यावर किडं येत्यात, मॅडम.
ताटात पडत्यात. नकळत तोंडात गेलं तर?"

मी मान हलवते.
माझ्या हातात किड्याचाच दिवा आहे:
काजव्याच्या पोटात असतं ते द्रव्य,
आता कारखान्यात बनतं, पावडर, पिवळट,
चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवायचं,
कारण उजेड देणाऱ्या या वस्तूला
स्वतः उजेड सोसत नाही.

खोली बंद. पंख्याच्या बटणावरच्या लाल ठिपक्याला
तवनाप्पानंच काळी पट्टी चिकटवलीय.
बाहेर बावड्याच्या कारखान्याची मळी घमघमतेय,
तेवढी मात्र दारातून आत येते.

सुई. मग दहा मिनिटं थांबायचं.
मुमताज शिकलगार मोबाइलवर वेळ लावते
आणि मोबाइल उपडा ठेवते.
भुलीच्या वाफेत निजलेल्या पाच उंदरी,
बिनकेसांच्या, सोललेल्या शेंगदाण्यासारख्या.
कानाला दोन खाचा असलेली तिसरी.
तिला तवनाप्पा दोनखाची म्हणतो,
वहीत ती फक्त ३ आहे.

कॅमेरा उणे नव्वदवर गारठून बसलेला.
साठ सेकंद तो
आमच्या कुणाच्याच डोळ्याला न दिसणारं
थेंब थेंब वेचतो.
मग पडद्यावर निळं, हिरवं, मधोमध तांबडं.
रंग खोटे आहेत, मी मुलांना दरवेळी सांगते,
रंग संगणकानं भरलेत.
उजेड खरा आहे.

दाजीपूरकडं माझ्या आत्याच्या गावी
मे महिन्यात एक अख्खं हिरड्याचं झाड
लागायचं आणि विझायचं, लागायचं आणि विझायचं.
आत्या म्हणायची, नर हाका मारतायत.
तीच हाक आम्ही गाठीच्या पेशींत पेरली.
आता गाठ हाक मारते
आणि ओ देतो कॅमेरा.

मेलेली पेशी उजळत नाही.
म्हणजे उजेड तिथं जीव.
आणि आम्ही औषध देऊन
अंधाराची वाट बघतो.

"पूर्वी दर आठवड्याला पाच कापून बघायची," मी सांगितलं.
"आता त्याच पाच, पुन्हा पुन्हा."
तवनाप्पानं बोटं मोडली.
"सात आठवडं. म्हंजे तीस वाचली."
"हो."
"आनि शेवटाला ह्या पाच?"
मी सिरिंज मोजत राहिले.

चौथ्या आठवड्यात दोनखाची काळी आली.
पूर्ण काळी. बाकीच्या चौघी शेजारी पेटलेल्या.
मुमताज ओरडलीच, "उतरली, मॅडम!"
मी म्हटलं, उतरली तरी असेल
किंवा सुई आतड्यात गेली असेल.
तवनाप्पानं तिला ओंजळीत घेतलं होतं,
भूल उतरेपर्यंत तो गरम पट्टीवर विश्वासत नाही.
"काळं म्हंजे बरी का वाईट, एकदा नक्की सांगा."
"उद्या सांगते."
"परत टोचनार?"
"परत."

दुसऱ्या दिवशी वीज गेली, आली, कॅमेरा पुन्हा थंड होईना.
पाच चाळीस झाले. सहा झाले.
तवनाप्पा डब्याकडे गेला नाही,
पिंजऱ्याजवळ उकिडवा बसून राहिला.
खिडकीबाहेर ऊसाच्या ट्रॉल्यांवर
ऊन तांबूस झालं, मग राखी, मग गेलं.
"जेवलासा न्हाई," मुमताज त्याच्याच बोलीत म्हणाली.
"आता कुटलं."

सहा पन्नासला कॅमेरा तयार झाला.
पडद्यावर काय आलं ते निबंधात आहे,
तक्ता तीन, दुसरी ओळ.

डबा झाकणासकट कुंभोजच्या बसमध्ये चढला.
तवनाप्पानं तो मांडीवर धरला होता,
दोन्ही हातांनी,
आत काही जागं होईल अशा बेतानं.