खडखड नाही, खुळखुळ

पहाटे साडेचारला चावी अर्धीच फिरवायची आणि थांबायचं.
डॅशवरचा पिवळा वेटोळा दिवा विझेपर्यंत
हात काखेत धरून आकडे मोजायचे.
जानेवारीत मी विसापर्यंत मोजते, धुकं असेल तर तीस.
घाई केली की दोन सिलिंडरांतला एकच उठतो,
दुसरा पांढरा धूर सोडत कूस बदलतो.

मी मुरैन्याहून ग्वाल्हेरला गजक आणते, पेट्या भरून.
उन्हाळ्यात भाड्याचे कूलर, मधल्या दिवसांत मिळेल ते;
एकदा बंद पडलेली अख्खी शाळा वाहिली,
बाकं, फळे, वर घंटा.
तेव्हा मागची कमान बसली ती बसलीच.

बहोडापूरचा लाखन माहौर
पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटून सांगायचा काय बिघडलंय ते.
सहा वर्षांपूर्वी एकदा तो तसाच फार वेळ उभा राहिला.
मग मूठ दुसऱ्या कानाला लावली.
मग पेचकस पुसून खिशात.
"बाईजी, अब आप ही बताओ, क्या बोल रही है."

हिंदीत माझ्याकडे तेवढे आवाज नव्हते.
तोंडात आली ती आईची मराठी,
भांड्यांच्या मांडणीजवळची.
त्याच्या कानाशी ओरडून कुरकुर म्हटलं, त्यानं कमानीचे बुश बदलले.
चिर्र म्हटलं, पट्टा.
गिअर टाकताना खाडकन्, तर शाफ्टचा क्रॉस;
काढून तळहातावर धरला,
आतल्या सुयांचं तांबडं पीठ झालेलं.
डावीकडे वळताना वाढणारी घूं
म्हणजे उजव्या चाकाचं बेअरिंग, हे मला त्यानं शिकवलं.
आणि क्लच दाबला की सुरू, सोडला की गप्प,
अशी एक घरघर होती.
तिला मी सासूबाईंचं नाव ठेवलं होतं.
ते मात्र ओरडून सांगितलं नाही.

घरी पोरीला विचारलं, कसला आवाज येतोय गं?
म्हणाली, आवाज येतोय.

परवा बानमोरच्या अलीकडे, टपरीही उघडली नव्हती,
गाडीच्या पोटाखाली काहीतरी सुटलं.
लाखनला फोन लागतो पण ऐकू येत नाही;
उचलतो तो त्याचा नातू भूरा.
मी सांगितलं, खुळखुळ.
भूरा तिकडे ओरडला, "बब्बा, खटखट!"
मागून म्हाताऱ्याचा आवाज:
"खटखट कुछ नहीं होता. ठीक से पूछ.
खडखड है या खुलखुल?"

ळ त्याच्या जिभेला कधी वळला नाही.
पण फरक त्याला पक्का ठाऊक होता:
खडखड असेल तर शाफ्ट, एक चाकही हलवायचं नाही,
खुळखुळ असेल तर सायलेन्सरच्या आत जाळी सुटलीय,
तीसच्या वेगानं या, पण या.

खडखड नाही, मी म्हटलं. खुळखुळ.
खुळ. खुळ.
बर्फासारख्या रस्त्याकडेला मी एकटी,
फोनमध्ये लहान बाळाला खेळवल्यासारखी बोलत.

आले तीसच्या वेगानं.
दगडाचे ट्रक मागून हॉर्न देत गेले,
गजकाच्या तिळांना तेवढा हादरा पुष्कळ.
लाखननं पाइप थंड होऊ दिला,
मग बोटाच्या पेरानं ठोकून वर तळहात ठेवला,
ताप बघावा तसा.
जाळी बाहेर काढली, वेल्डिंग मारलं.

बिल त्यानं गजकाच्या रिकाम्या डब्यावर लिहिलं,
एका ओळीत:
खुलखुल, साडेतीनशे.

मी तीनशे दिले.
वरच्या पन्नाससाठी त्यानं जी हुज्जत घातली
ती साऱ्या बहोडापूरला ऐकू गेली,
एक त्याला सोडून.