ओळखीचा तास

साहेब म्हणाले, जे पाहिलं तेवढंच लिहा.
तर लिहितो.
अंबादास राजय्या येलदी, वय एकोणपन्नास,
अग्निशमन गाडीवर दुसरा माणूस,
होटगी रोड विमानतळ, सोलापूर.

सकाळी नऊ बेचाळीस. वारा सांगण्याइतका नव्हता.
वाऱ्याची पिशवी खांबाला लोंबत होती
वाळत टाकलेल्या पायमोज्यासारखी.
धावपट्टीवर ऊन आत्ताच पाण्यासारखं हलायला लागलेलं.
आम्ही शेंगा सोलत होतो.
हे लिहू नये, पण सोलत होतो.

विमान दोन माणसांचं. पांढरं, पोटाखाली निळी रेघ.
बिराजदार मॅडमना उडवता येत नव्हतं असं नाही,
तीनशे तास झालेत म्हणे दुसऱ्या जातीच्या विमानावर.
हे नवीन, म्हणून ओळख करून घ्यायची,
असंच त्या तासाचं नाव होतं कागदावर.
शेजारी उंब्रजकर सर.
चार वेळा टेकलं, चार वेळा उठलं,
पाचव्यांदा

जरा उंचावरच सोडलं गेलं.
चाकं लागली, उसळलं.
पुन्हा लागली, जास्त उसळलं.
तिसऱ्यांदा नाकच आधी आलं.

आवाज मोठा नव्हता,
माळ्यावरून पत्र्याची पेटी पडावी तेवढा.
माझा बाप चाळीस वर्षं मागावर होता,
त्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीतसुद्धा
यापेक्षा जास्त आवाज व्हायचा.

गाडी पोचली एक मिनिट वीस सेकंदांत.
पंख्याचं एक पातं वाकलेलं,
इस्त्री चुकलेल्या कॉलरसारखं.
पेट्रोलचा वास. आम्ही फेस मारला.
मॅडमनी सगळी बटणं आधीच बंद केली होती
आणि शेवटच्या बटणावर बोट तसंच ठेवून बसलेल्या.
मॅडम, उचला आता, असं मीच म्हणालो.
सरांच्या भुवईतून रक्त. दोघंही चालत उतरले.

मग घोटा घोटा फेसात उभं राहून
सर म्हणाले, मी तुला दिलं होतं.
मॅडम म्हणाल्या, सर, मला वाटलं तुम्ही घेतलंत.
भांडण नव्हतं ते.
हरवलेली किल्ली शोधताना
घरातली माणसं बोलतात, तसं.

साहेब, मी इंजिनियर नाही.
पण मागावर एक धागा तुटला
की पत्ती खाली पडते, माग आपोआप थांबतो.
दोन माणसांच्या हातांमधलं तुटलेलं
कुठल्या पत्तीला कळणार?
दुसऱ्या उसळीनंतर, खाली येईपर्यंत
ते विमान कुणाचंच नव्हतं.
हे मी पाहिलेलं नाही. खोडतो.

विडी घरकुलात, उताराच्या रस्त्यावर
पोरीला सायकल शिकवताना
मी कॅरियर सोडला, न सांगता.
ती मागे न बघता बोलत राहिली माझ्याशी
बराच वेळ, शाळेतलं काहीबाही,
मग मी उत्तर देत नाही हे तिला कळलं.
हनुवटीला तीन टाके.
तिला अजून वाटतं, तोल तिचाच गेला.
हेही खोडतो.

धावपट्टीवर खुणा तीन.
पहिली हलकी, दुसरी गडद,
तिसऱ्या जागी टायर नाहीच, नुसती खरवड.
फेस दुपारपर्यंत वाळून गेला.
सोललेल्या शेंगा खारीनं नेल्या.
खाली सही.

संध्याकाळी पोरगी स्कूटीची किल्ली मागायला आली,
क्लासला उशीर झाला होता.
तिच्या तळहातावर ठेवली, पण सोडली नाही.
म्हटलं, गाडी तुझ्याकडे.
नायना, सोड की.
म्हटलं, आधी म्हण.
काय म्हणू?
मी तसाच उभा.
माझ्याकडे, ती म्हणाली, हसली,
हनुवटीवरची रेघ जराशी वाकडी झाली.