ओहोटीचं टपाल

मोम्मेने निवृत्त होण्याआधी
मला पाच ओहोट्या बरोबर नेलं.
किनाऱ्यापासून बेटापर्यंत सहा किलोमीटर चिखल,
दिवसातून दोनदा समुद्र होणारा.
बेटावर चार उंचवटे, सात घरं, अकरा माणसं
आणि एक ठेंगणं चर्च,
छताला लाकडी गलबत टांगलेलं.
अकरा माणसांना येऊन येऊन काय येणार?
विजेची बिलं, बियाण्यांच्या याद्या,
डोळ्यांच्या डॉक्टरची पुढची तारीख,
आणि केइकेला महिन्याकाठी एक जाड पाकीट,
हॅम्बुर्गच्या तुरुंगाचा शिक्का असलेलं.
ते मी पिशवीत सगळ्यात वर ठेवते.

पायाखालची वाट म्हणतात तसली वाट इथे नाही.
पहिल्या दिवशी मी मोम्मेच्या पावलांत पावलं टाकत होते,
तर तो थांबला, वळला, म्हणाला,
माझं वजन नव्वद किलो आहे बाई.
माझे खड्डे तुझ्या काय कामाचे?
मागे नको, शेजारी चाल.

पाच दिवसांत त्याने बरोबर रस्ता असा दाखवलाच नाही.
ओहळ दर हिवाळ्यात कूस बदलतात,
रोवलेल्या फांद्या वादळात जातात.
पाचव्या दिवशी एका जागी मात्र
काठी रुतवून उभा राहिला:
इथे मी चुकलो होतो.
छातीपर्यंत पाणी, पिशवी डोक्यावर.
धुकं होतं का, मी विचारलं.
छे, स्वच्छ ऊन होतं.
मला वाट पाठ होती ना.
एवढं बोलून त्याने नाक पुसलं
आणि आम्ही उरलेलं अंतर
मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलत कापलं.

धुकं मला तिसऱ्या वर्षी भेटलं. ऑक्टोबर.
आधी बेट गेलं, मग फांद्या, मग माझेच गुडघे.
फोन होता, बंद पडलेला.
आणि तेवढ्यात घंटा.
डावीकडून. नाही, मागून.
धुक्यात आवाजाला घर नसतं,
तो कुठल्याही दारातून हाक मारतो.

धावावंसं वाटलं. मोम्मेची जागा आठवली.
बूट काढले.
तळव्यांना वाळूच्या वळ्या लागल्या, आडव्या, टणक,
म्हणजे मी अजून उंच भागावर होते.
वाकून पाण्यात बोटं धरली:
पाणी जात होतं, अजून परतत नव्हतं.
म्हणजे थोडा वेळ होता.
मग नुसती उभी राहिले आणि घंटा ऐकली.
नऊ टोल, मग खंड,
हात बदलण्याएवढा.
यंत्र हात बदलत नाही.
दोरीला माणूस होतं.

तो आवाज डाव्या कानाशी धरून चालले,
दर शंभर पावलांनी बोटं पाण्यात.
एकदा मांडीपर्यंत गेले, मागे फिरले,
रडले असेन, चेहरा तसाही ओलाच होता.
घंटा मोठी होत गेली,
इतकी मोठी की दातांत वाजू लागली,
आणि पायाला गवत लागलं.

चर्चमध्ये केइके एकटीच.
तळहात लाल, स्वयंपाकाचा अंगरखा तसाच अंगावर.
तिला द्यायला माझ्याकडे फक्त विजेचं बिल होतं.
तुला कसं कळलं मी निघालेय ते?
नव्हतं कळलं, ती म्हणाली. धुकं पडलं.

मी देवाधर्मातली नाही.
गलबताकडे बघून लोक काय मागतात
ते मी कधी विचारलेलं नाही.
केइकेने बिल न उघडता खिशात कोंबलं, म्हणाली,
चहा टाकते, तोवर तू ओढ,
माझा खांदा भरून आलाय.

बाहेर चिखलात कोणी नव्हतं.
त्या वाटेने येणारी मी एकटीच,
आणि मी तर आत उभी होते.

दोरी तिच्या हातांनी कोमट झालेली.
मी नऊ टोल दिले,
हात बदलला.